निदान आणि आईचे मन

चंडीगड शहर आखले गेले ते काटकोनात. रस्ते सरळ, वस्त्यांना नावांऐवजी क्रमांक, आणि घरे बहुतांशी नोकरदारांची, आटोपशीर कुटुंबांची. या शहराच्या बाराव्या सेक्टरात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेला सारा उत्तर भारत ‘पीजीआय’ एवढ्याच नावाने ओळखतो. पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू अशा चहूकडच्या प्रदेशांतून रुग्ण तिच्या दाराशी येतात. त्यांत लहान मुलांना कडेवर घेतलेल्या आयाही असतात. मूल दिसायला धडधाकट असते. ताप नाही, खोकला नाही, हातापायांत काही उणे नाही. तक्रार एवढीच, की तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, आणि खेळण्यातली गाडी पालथी घालून तिचे चाक तासन्‌तास फिरवीत बसते.

या मुलाची तपासणी होते, आईला शंभर प्रश्न विचारले जातात, आणि अखेरीस डॉक्टर एक नाव उच्चारतात: ऑटिझम. आपल्याकडे याला ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. शब्द गोड आहे, पण त्याने थोडा घोटाळाही केला आहे. ‘मग्न’ म्हटले की योगी, कवी किंवा चिंतनात गढलेला विद्वान डोळ्यांपुढे येतो. जणू मूल आपखुशीने आत जाऊन बसले आहे आणि मनात आणील तर बाहेर येईल. वस्तुतः ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळी रीत आहे. इतरांशी संवाद साधणे, त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणे, खेळात देवाणघेवाण करणे या गोष्टी या मुलांना कष्टाने साधतात. ठराविक क्रमाची, ठराविक वस्तूंची ओढ त्यांना विलक्षण असते. आणि आवाज, उजेड, स्पर्श यांची जाणीव काहींना असह्य वाटावी इतकी तीव्र असते. हे सारे कमीअधिक प्रमाणात आढळते. कोणी उत्तम गणित करतो, तर कोणाला आयुष्यभर सोबत लागते.

निदान मुलाचे होते, पण ते ऐकावे लागते आईला. पंजाब-हरियाणातच काय, महाराष्ट्रातही तोवर तिला सर्वांनी धीर दिलेला असतो. मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता, असे सासूबाई सांगतात. कोणी दृष्ट काढते, कोणी जिभेला मध लावते. हा धीर प्रेमाचा असतो, पण त्यात महत्त्वाची दोन-तीन वर्षे जातात. आणि मग ज्या दिवशी नाव कळते, त्या दिवशी तोच धीर उलटतो. गरोदरपणी ग्रहणात विळी हाती धरली होती का, नोकरीपायी मूल पाळणाघरात ठेवले म्हणून तर नव्हे, घरात भ्रमणध्वनीचा पडदा सतत त्याच्यापुढे असे त्याचे हे फळ का, अशी चौकशी सुरू होते. चौकशीचा रोख एकाच व्यक्तीकडे असतो. बापाला असले प्रश्न क्वचितच विचारले जातात, हेही नमूद केले पाहिजे.

आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही रीत केवळ अडाणी समजुतींची देणगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांतील विद्वानांनीही हेच केले, आणि ते मोठ्या रुबाबात केले. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले; आठ मुलगे आणि तीन मुली. या अवस्थेचे शास्त्रीय वर्णन जगाला परिचित झाले ते या निबंधापासून. ही मुले जन्मतःच अशी असावीत, असे कॅनर यांनी त्यातच सुचविले होते. परंतु पुढे १९४९ साली लिहिताना त्यांनी या मुलांच्या आईबापांच्या कोरड्या, यांत्रिक वागण्यावर बोट ठेवले, आणि ही मुले जणू बर्फ न वितळणाऱ्या शीतकपाटात ठेवली गेली, अशी उपमा वापरली. उपमा लोकांच्या तोंडी बसली. शिकागोतील ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली आपल्या ग्रंथात यावर कळस चढविला. नाझींच्या छळछावणीत माणूस जसा स्वतःत मिटून जातो तसे हे मूल आईच्या थंडपणापुढे मिटून जाते, असा त्यांचा सिद्धान्त. आणि त्यावरचा उपाय म्हणजे मुलाला आईबापांपासून दूर ठेवणे. एका पिढीतील कित्येक मातांनी हे वाचले, त्यावर विश्वास ठेवला आणि आपल्याच मुलाच्या अपराधी म्हणून दिवस काढले.

या सिद्धान्ताला पहिला मोठा धक्का दिला तो बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, आणि पत्नीच्या मायेत काही उणे नाही हे तो रोज पाहत होता. १९६४ साली त्याने ग्रंथ लिहून ही अवस्था शरीरगत आहे हे पुराव्यानिशी मांडले. पुढे १९६९ साली, स्वमग्न मुलांच्या पालकांनी स्थापिलेल्या राष्ट्रीय संस्थेच्या सभेत, वृद्ध कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. एकरूप जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही नाही. अवस्थेचे मूळ आईच्या वागणुकीत नसून फार मोठ्या अंशी आनुवंशिकतेत आहे, हे त्यानंतरच्या संशोधनाने पुनःपुन्हा सिद्ध केले. शास्त्राच्या न्यायालयात आई निर्दोष सुटली. घरच्या न्यायालयात तिचा खटला अजून चालूच आहे.

परंतु दोषमुक्त झालेल्या आईचे एक दुःख तरीही उरते. ते असे, की हे मूल माझ्याकडे पाहत नाही, मला बिलगत नाही. मी याला हवी आहे की नाही? सकाळपासून रात्रीपर्यंत ज्याच्यासाठी खपावे त्याने कधी गळ्यात हात टाकू नयेत, ही व्यथा कोणाला सांगण्याजोगीही नसते. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ म्हणतात तो हाच. म्हणून या मुलांना आईची ओढ असते का, हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही.

माय-लेकरांच्या या ओढीचा, म्हणजे अनुबंधाचा, शास्त्रशुद्ध विचार इंग्लंडमधील जॉन बोल्बी यांनी केला. मूल आईला चिकटते ते केवळ दुधासाठी नव्हे. संकटात जवळ जावे असे एक माणूस त्याला निसर्गतःच हवे असते, हे त्यांचे प्रतिपादन. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये घरोघर जाऊन माता-बालकांचे निरीक्षण केले आणि एक साधी कसोटी तयार केली. अनोळखी खोलीत खेळणी मांडलेली असतात. आई आणि वर्ष-दीड वर्षाचे मूल तिथे बसतात. एक परकी बाई येते. मग आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. सामान्यतः लोकांना वाटते, की आई गेल्यावर मूल किती रडले यावर त्याची माया मोजायची असेल. तसे नाही. पाहायचे असते ते आई परत आल्यावर मूल काय करते हे. जे तिच्याकडे जाते, तिच्यामुळे शांत होते आणि पुन्हा खेळू लागते, त्याचा अनुबंध सुरक्षित समजतात. सर्वसाधारण मुलांत अशांचे प्रमाण सुमारे दोनतृतीयांश आढळते.

स्वमग्न मुले या कसोटीस मुळीच उतरणार नाहीत, असा बहुतेकांचा अंदाज होता. १९८४ साली कॅलिफोर्नियात मॅरियन सिगमन आणि ज्युडी अंगरर यांनी प्रत्यक्ष पाहिले तेव्हा तो खोटा ठरला. ही मुले परकी बाई आणि आई यांत स्पष्ट भेद करीत होती. आई परतल्यावर तिच्या जवळ जात होती. २००४ साली अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित गणित मांडले गेले तेव्हा सुमारे निम्म्या स्वमग्न मुलांचा अनुबंध सुरक्षित आढळला. प्रमाण सर्वसाधारण मुलांपेक्षा कमी आहे, हे खरे. पण ज्यांच्याविषयी ‘यांना माणसाची ओढच नाही’ असे म्हटले जाई, त्यांच्यातली ही निम्मी आहेत.

मग आईला ती ओढ दिसत का नाही? कारण तिची भाषा निराळी असते. मूल आईकडे तोंड करून येत नाही, पाठमोरे येते आणि मांडीवर टेकते. ते बोट दाखवून पाणी मागत नाही, आईचे मनगट धरून तिचा हात माठाकडे नेते. शेजारीण म्हणते, पाहा, आईला हत्यारासारखी वापरतो. पण मनगट कोणाचे धरले जाते हेही पाहावयास हवे. एखादे मूल दिवसभर आईपासून दहा हात दूर खेळते आणि ती दुसऱ्या खोलीत गेली की पाच मिनिटांनी आपली गाडी घेऊन त्याच खोलीच्या दाराशी येऊन बसते. बघत मात्र तिच्याकडे नाही. चेहऱ्याकडे पाहण्याची, हसण्याला हसून उत्तर देण्याची जी नाणी जगात चालतात, ती याच्या गाठी नसतात. त्यावरून गाठच रिकामी आहे असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकतो.

ही निराळी भाषा वाचणे आईला केव्हा साधते, याचा शोध घेणाऱ्या संशोधनात निदानाच्या स्वीकाराचा संबंध येतो. १९९६ साली अमेरिकेत रॉबर्ट मार्विन आणि रॉबर्ट पियांटा यांनी मेंदूच्या पक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांच्या मातांशी बोलण्याची एक प्रश्नावली वापरली. प्रश्न मोजके आणि साधे होते: मुलात काहीतरी वेगळे आहे हे प्रथम केव्हा जाणवले, निदान कळले त्या वेळी काय वाटले, आज काय वाटते, हे आपल्याच वाट्याला का आले असे वाटते? उत्तरांतील दुःख किती हे ते मोजत नव्हते. आई भूतकाळात अडकून पडली आहे की आजच्या मुलाविषयी बोलू शकते, एवढेच पाहत होते. पुढे हाइफा येथील डेव्हिड ओपनहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत स्वमग्न मुलांच्या मातांकडे वळविली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले, की ज्या मातांनी निदानाशी समेट केला होता आणि ज्या मुलाच्या नजरेतून त्याच्या वागण्याचा अर्थ लावू शकत होत्या, त्यांच्या मुलांचा अनुबंध सुरक्षित असण्याचा संभव अधिक होता. त्याच संशोधकवर्गाने दाखविलेली दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे: समेट होणे न होणे हे मुलाच्या अवस्थेच्या तीव्रतेवर फारसे अवलंबून नव्हते. अत्यंत अवघड मुलाची आई शांत असू शकते, आणि सौम्य लक्षणांच्या मुलाची आई वर्षानुवर्षे तळमळत राहू शकते.

यात कोडे वाटण्यासारखे काही नाही. जी आई मनातल्या मनात ‘हे नसतेच झाले तर’ या वाक्याशी झगडत असते, तिची नजर प्रत्यक्ष मुलाऐवजी नसलेल्या मुलावर खिळलेली असते. घरातला मुलगा पंख्याकडे पाहून हात फडफडवितो तेव्हा तिला आजाराचे लक्षण दिसते. दुसरीला दिसते, की हा आता आनंदात आहे, किंवा आवाजाने बेजार झाला आहे. आणि ती पंखा बंद करते. मूल शांत होते. अशा शेकडो लहान प्रसंगांतून अनुबंध विणला जातो.

मराठीत एक म्हण आहे, ‘पदरी पडले पवित्र झाले’. स्वीकार म्हणजे हेच, असे सहज वाटेल. पण त्या म्हणीत हात टेकल्याचा सूर आहे, आणि इथे अभिप्रेत असलेला स्वीकार हात टेकण्याच्या अगदी उलट आहे. ज्या आईने नाव स्वीकारले तीच वाचोपचाराचे वर्ग शोधते, चित्रांच्या साह्याने मुलाला मागणे शिकविते, शाळेत जाऊन शिक्षकांशी वाद घालते. जिने ते स्वीकारले नाही ती एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून बाबाकडे आणि तिथून मूळपेशींचे इंजेक्शन देऊन स्वमग्नता बरी करू म्हणणाऱ्या दुकानात जाते. या शेवटच्या उपचाराला मान्य शास्त्रीय आधार नाही. त्याची किंमत मात्र लाखांत असते.

तथापि या संशोधनाचा एक धोका आहे, आणि तो लक्षात घेतला नाही तर सारे मुसळ केरात जाईल. आईचा स्वीकार मुलाच्या हिताचा आहे असे म्हणताच लगेच दुसरे वाक्य तयार होते: मूल बिलगत नाही, म्हणजे तू त्याला स्वीकारले नसशील. शीतकपाटाची जुनी उपमा अशा रीतीने मागच्या दाराने परत येऊ शकते. हाइफाच्या अभ्यासाने दोन गोष्टींचा संबंध दाखविला आहे. एक दुसरीचे कारण आहे असे त्याने सिद्ध केलेले नाही. ज्या मुलाची भाषा थोडी वाचता येते, त्याच्या आईला समेट करणे सोपे जात असेल, हेही संभवते. आणि समेट हा काही आईच्या अंगचा सद्गुण नव्हे, की असला तर तिचे भूषण आणि नसला तर दूषण. तो बऱ्याच अंशी भोवतालच्या माणसांनी घडविलेला किंवा मोडलेला असतो.

त्याची सुरुवात निदान सांगण्याच्या रीतीपासून होते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, पुढचा रुग्ण दारात उभा असताना, पाच मिनिटांत सांगितलेले नाव आणि नवरा-बायकोला बसवून, मुलाला काय येते हे आधी आणि काय येत नाही हे नंतर सांगून उच्चारलेले नाव, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या रीतीत डॉक्टरचा दोष असतोच असे नाही, रांगेचा असतो. पण आईच्या स्मरणात ती पाच मिनिटे जन्मभर राहतात. चंडीगडपाशी चंडीमंदिरची लष्करी छावणी आहे, तिथे बदलीवर येणाऱ्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही असतात. त्यांची अडचण निराळीच. बदलीचा हुकूम येतो, घर बदलते, शाळा बदलते. आणि ज्या मुलाला ताटातली वाटी सरकविलेली खपत नाही त्याला सारे जगच सरकविले जाते. अशा वेळी आईने शांत राहावे ही अपेक्षा करण्यापूर्वी तिच्या हाताशी कोण आहे, हे विचारले पाहिजे.

या बाबतीत चंडीगडने एक चांगले काम केले आहे. तेथील सेक्टर ३२ मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागातील डॉ. प्रीती अरुण आणि डॉ. बी. एस. चव्हाण यांनी स्वमग्नतेच्या प्राथमिक चाळणीसाठी हिंदीत एक प्रश्नावली तयार केली. परदेशी प्रश्नावल्या महाग, इंग्रजी आणि तज्ज्ञांनीच वापरण्याजोग्या. ही मात्र आरोग्यसेविकेला घरोघर वापरता यावी अशी. तिच्या आधाराने शहरात पाहणी झाली आणि २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दीड ते दहा वर्षांच्या मुलांत हजारी सुमारे सव्वादोन. अमेरिकेत २०२५ साली प्रसिद्ध झालेला, आठ वर्षांच्या मुलांचा आकडा ३१ मागे एक असा आहे. दोन्ही देशांत शोधण्याच्या रीती वेगळ्या आहेत, तेव्हा हे आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. पण दारात आलेल्या सेविकेला ‘आमच्या घरी सगळे ठीक आहे’ असे सांगणारी घरे इकडे अधिक असणार, हे कोणीही जाणता माणूस कबूल करील.

राज्ययंत्रणेचा स्वीकार तर आईच्याही मागाहून आला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम नाव दिले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिला मान्यताप्राप्त दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले. आता प्रमाणपत्रासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. सत्तरच्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही. १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. त्यावरून टक्केवारी ठरते, आणि चाळीस टक्के भरले तर बहुतेक सवलती लागू होतात. हा कागद पुष्कळ आया वर्षानुवर्षे काढीत नाहीत. कारण विचारले तर बस-रेल्वेच्या तिकिटातली सूट नको, असे सांगतात. खरे कारण वेगळे असते. डॉक्टरांनी तोंडी उच्चारलेले नाव विसरता येते. सरकारी शिक्क्याचे विसरता येत नाही. प्रमाणपत्राच्या खिडकीपाशी उभी राहिलेली आई एका अर्थाने दुसऱ्यांदा निदान ऐकत असते, आणि खिडकीमागच्या कारकुनाला याची कल्पना असली तर फार बरे.

तिसरा प्रसंग मूल अठरा वर्षांचे झाल्यावर येतो. कायद्याने ते सज्ञान होते, आणि आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते. ज्याला स्वतःचे व्यवहार पाहता येणार नाहीत अशा स्वमग्न तरुणासाठी राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये स्थानिक समितीकडे पालक नेमण्याचा अर्ज करावा लागतो. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करावी, असा नियम आहे. आपल्या मागे कोण, हा प्रश्न एरवी रात्री उशीवर डोके टेकल्यावर पडतो. इथे तो अर्जाच्या रकान्यात लिहावा लागतो, आणि समोर बसलेल्या तिघांना उत्तर द्यावे लागते. भाऊ अमेरिकेत, बहीण सासरी, पती निवृत्त. घर आहे, ठेव आहे, ते सारे यादीत येते. जे येत नाही ते काही आया एका वहीत लिहून ठेवतात: डाळ पातळ लागते, भात वेगळ्या वाटीत, कुकरची शिट्टी होण्यापूर्वी सांगावे, पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की मोरीत जाऊन बसतो, तिथून ओढून काढू नये, दाराबाहेर पाटावर बसून राहावे, अर्ध्या तासाने आपण होऊन येतो आणि पाठीला पाठ लावून बसतो.